दंडाची पावती



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा पंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे उघडली आणि लोकांना धान्य वाटून दिले. बातमी बेदरला गेली. पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. शिपायांच्या पहाऱ्यात पंत निघाले, वाटेत पंढरीला देवाचे दर्शन घेतले आणि पुढे चालू लागले. इकडे पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पंत पोहोचण्याआधीच देव बेदरच्या दरबारात पोहोचला आणि धान्याची सगळी किंमत मोजून दिली.

कीर्तनात इथे मृदंग चढतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण कथा इथे संपत नाही. पैसे मोजून झाल्यावर विठू लगेच निघाला नाही. त्याने पैसे पोहोचल्याची पावती लिहून घेतली, ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली, आणि मगच तो दिसेनासा झाला.

देवाला पावती कशाला हवी होती? त्याला नकोच होती. ती दामाजीपंतांना हवी होती. उद्या कोणी कारकून, कोणी शिपाई पुन्हा दारात उभा राहिला, तर दाखवायला पंतांच्या हाती कागद हवा. देणे फिटले एवढ्याने भागत नाही. ते फिटले असे दरबारी लिहिले जावे लागते. ज्याने ब्रह्मांडाचा हिशेब ठेवला आहे, त्यालाही हे ठाऊक होते.

या पावतीचा आधार घेऊन आज मी आपल्यापुढे एक प्रश्न ठेवणार आहे. प्रश्न वरवर अगदी रुक्ष आहे. जेलमधून सुटून आलेल्या माणसाच्या नावावर जुन्या गाडीचे दंड थकलेले असतील, तर ते निस्तरण्यात आपण वारकऱ्यांनी त्याला हात द्यावा की नाही? द्यावा तर किती, आणि कोणत्या रीतीने?

कोणी म्हणेल, महाराज, यात भक्ती कुठे आली? थोडा धीर धरा. आधी वस्तुस्थिती पाहू, मग शंका घेऊ, मग समाधान करू.

आपल्या वर्धा जिल्ह्याचे स्वतःचे जिल्हा कारागृह आहे. इथले काही जण नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातात, तर नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे. देशभरातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. कोणी जामिनावर येतो, कोणी निर्दोष सुटून येतो, कोणी शिक्षा पुरी भोगून येतो. आर्वी असो, देवळी असो की समुद्रपूर, असा माणूस कधी ना कधी आपल्याच गावात परत येतो.

समजा, हिंगणघाटकडचा एक तरुण आहे. मालवाहू ऑटो चालवून पोट भरत होता. एका भांडणाच्या गुन्ह्यात आत गेला आणि सव्वा वर्षाने बाहेर आला. या सव्वा वर्षात घरी काय झाले असेल? वकिलाची फी द्यायला बायकोने त्याची मोटारसायकल विकली. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, पैसे घेतले, पण आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली नाही. घेणारा ती गाडी हेल्मेट न घालता फिरवतो. चौकातला पोलीस फोटो काढतो आणि ई-चलान नोंदल्या मालकाच्या, म्हणजे आत बसलेल्या माणसाच्या नावावर फाटते. त्याचा संदेश ज्या मोबाईलवर जातो, तो मोबाईल केव्हाच बंद पडलेला असतो. मालवाहू ऑटोचा विमा संपला, पीयूसी संपले. लायसन्सची मुदतही संपली. ती संपून वर्ष उलटले, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आता हा माणूस बाहेर येतो. घरात दाणा नाही. त्याला एकच काम येते, गाडी चालवण्याचे. दोन दिवसांनी तो ऑटो काढतो आणि पहिल्याच नाक्यावर अडवला जातो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले. लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,०००. म्हणजे एकदा अडवले की ७,०००, आणि मागचे थकलेले वेगळेच. जेलमध्ये काम करणाऱ्या बंदीची मजुरी दिवसाला शंभर रुपयांच्या आत असते. तिथे रोज राबून आलेल्या माणसालाही ७,००० रुपये म्हणजे सत्तर दिवसांहून अधिक मजुरी झाली.

दंड भरला नाही तर प्रकरण न्यायालयात जाते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात काटोलला २०२० साली वाहतुकीच्या दंडांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. ज्याच्या हातात चालू मोबाईल आहे, त्याला ही मोठी सोय आहे. ज्याच्या हातात नाही, त्याला आपल्यावर प्रकरण उभे राहिले याचाही पत्ता लागत नाही. समन्स जुन्या पत्त्यावर जाते. पेशीला कोणी जात नाही. मग वॉरंट निघते. न्यायालयाने दंड केला आणि तो भरला गेला नाही, तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे, ज्या गुन्ह्याला केवळ दंडच आहे अशा गुन्ह्यातही, ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडापोटी दोन महिन्यांपर्यंत आणि १०,००० पर्यंतच्या दंडापोटी चार महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ज्या दारातून माणूस कालच बाहेर आला, ते दार असे पुन्हा त्याच्यासाठी उघडते, आणि तेही नव्या पापासाठी नव्हे, न भरलेल्या कागदासाठी.

ही झाली वस्तुस्थिती. आता शंका घेऊ.

पहिली शंका रोखठोक आहे. केले त्याने, भरावे त्याने. कर्माचा सिद्धांत तोच सांगतो, मग आपण मध्ये पडणारे कोण?

ही शंका हलकी नाही आणि वारकऱ्याने तर ती हलकी मानूच नये. आपण रस्त्याने चालणारी माणसे आहोत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचे प्राण गेले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत सांगोल्याजवळ भरधाव गाडी शिरली आणि सात वारकरी गेले. हातात टाळ असलेली, मुखाने नाम घेणारी माणसे होती ती. गाडी चालवण्याचे नियम म्हणजे सरकारची पैसे काढण्याची युक्ती आहे असे कोणी म्हणाला, तर त्याने त्या सात घरी जाऊन ते म्हणून दाखवावे. दंड योग्य आहे. तो भरला गेलाच पाहिजे.

पण कर्माचा सिद्धांत अर्धा सांगू नये. आपल्या शास्त्राने प्रारब्धाविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. भोगल्यावाचून ते सुटत नाही, ही एक. आणि भोगले की ते संपते, ही दुसरी. पहिली सांगून दुसरी गाळणारा अर्धेच शास्त्र सांगतो. ज्या भोगाला शेवट नाही त्याला शास्त्राने प्रारब्ध म्हटलेले नाही. कायदाही हेच जाणतो. दंड न भरल्यामुळे कोणी कैदेत असेल, तर दंडाची रक्कम भरली जाताच ती कैद तिथल्या तिथे संपते, आणि काही भाग भरला तर त्या प्रमाणात कैद कमी होते, असे संहितेतच लिहिले आहे.

इथे आणखी एक विवेक केला पाहिजे. सुटलेल्या माणसाच्या नावावर जे साचलेले असते, ते सगळे एका जातीचे नसते. त्याने स्वतः सिग्नल तोडला असेल, तर ते त्याच्या कर्माचे देणे. पण तो आत असताना दुसऱ्याने त्याची गाडी फिरवली आणि चलान याच्या नावावर फाटले, ते कोणाचे कर्म? नोटीस त्याच्या हाती पोहोचलीच नाही म्हणून प्रकरण न्यायालयात गेले, ते कोणाचे कर्म? याला मी अडकल्याचे देणे म्हणतो. पुष्कळांची अशी समजूत असते की जेल भोगली म्हणजे जुने सगळे फिटले. तसे नाही. कच्ची कैद म्हणून काढलेले दिवस मुख्य शिक्षेतून वजा होतात. दंड न भरल्याच्या कैदेतून ते वजा होत नाहीत, आणि गाडीच्या चलानाशी तर त्यांचा काहीच संबंध नसतो. हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे लागते, नाहीतर तो समजुतीत राहतो आणि वॉरंट दारात येते.

दुसरी शंका दयाळू लोकांची आहे. ते म्हणतात, एवढा विचार कशाला? दिंडीच्या शिलकीतून किंवा सप्ताहाच्या वर्गणीतून पाच-सात हजार भरून टाकू, बिचारा मोकळा होईल.

या शंकेला उत्तर म्हणून तुकोबारायांचे चरित्र पाहू. त्यांच्या घरात महाजनकी होती, लोकांकडून येणे असलेली खते होती. ती इंद्रायणीत बुडवायची असे त्यांनी ठरवले, तेव्हा त्यांनी काय केले? आधी खतांची वाटणी केली. निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. त्यांच्यासारखा विरक्त पुरुष सगळीच खते एकदम बुडवू शकला असता. पण कान्होबांचे येणे माफ करण्याचा अधिकार तुकोबांचा नव्हता. माफी ज्याची त्यानेच द्यायची असते. दुसऱ्याच्या येण्यावर आपण उदार होणे ही दया नव्हे.

म्हणून जेलमधून आलेल्या माणसाला, जाऊ दे रे, कोण विचारतो त्या चलानाला, असे आपण सांगू नये. ते येणे आपले नाही. ते सरकारी खजिन्याचे, म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या सगळ्यांचे आहे. ते कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, लोकअदालतीला आहे, कायदेमंडळाला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात असे कलम आहे की, माणसाला राज्याच्या तुरुंगात पाठवले त्या वेळी त्याच्यावर वाहतुकीचे किरकोळ गुन्हे प्रलंबित असतील, तर त्यांसाठी पुढे खटला चालवायचा नाही. काही गंभीर बाबी त्यातून वगळल्या आहेत. तिथल्या कायदेमंडळाने आपल्या वाट्याची खते स्वतः बुडवली. आपल्याकडे असे सरसकट कलम नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक चलान वेगवेगळे निस्तरावे लागते.

मग पैसे भरून टाकण्यात काय चूक? भरणे ही देवाचीच रीत आहे, हे दामाजीपंतांच्या कथेतच आले. पण त्या कथेत पैसे भरून विठू निघून गेला. त्याने पंतांच्या घरी येऊन आपले नाव सांगितले नाही. पंतांनी जन्मभर आपल्यापुढे मान खाली घालावी अशी त्याची अपेक्षा नव्हती. आपण माणसे भरतो, तेव्हा बहुधा तसे घडत नाही. सप्ताहाच्या मंडपात पुकारा होतो, अमक्याचा दंड तमक्याने भरला. मग त्या अमक्याने दरवर्षी मंडपाचे खांब रोवायचे, पंक्तीत शेवटी बसायचे, आणि कोणाच्या घरी काही हरवले तर पहिली नजर स्वतःवर झेलायची. सरकारचे देणे फिटले आणि गावाचे चढले. गावाच्या देण्याला तर पावतीही मिळत नाही. अशी मदत करण्यापेक्षा न केलेली बरी.

म्हणून भरण्याच्या आधी एक पायरी आहे. ती नाथांच्या चरित्रात सापडते. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते, तेव्हाची कथा आहे. हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे ती चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती हरीच्या ठायी लावलीस तर काय होईल? आपण ही कथा एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. हिशेबाचे काम नाथांना कमी प्रतीचे वाटले नाही. दुसऱ्याच्या कागदात डोके घालून रात्र काढणे हीसुद्धा सेवा आहे, आणि सुटलेल्या माणसाला पैशाआधी हीच सेवा हवी असते.

ही सेवा कशी करायची ते क्रमाने सांगतो.

माणूस आत असतानाच सुरुवात होऊ शकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि विधी स्वयंसेवक कारागृहात जातात. १५१०० हा त्यांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या नावावर कोणत्या गाड्या आहेत आणि त्या आज कोणाकडे आहेत, एवढे बंद्याने त्या वकिलाला सांगावे. घरच्यांना आपण समजवावे की गाडी विकायची वेळ आली तर आरटीओत नाव बदलल्याशिवाय ती हातची सोडू नका.

तो बाहेर आल्यावर त्याच्याबरोबर बसून वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकाने चलाने पाहावीत आणि वहीत तारखेनिशी उतरवून घ्यावीत. मग तो आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख त्या वहीत मांडावी. ज्या चलानांच्या तारखा या दोन तारखांच्या मध्ये पडतात, ती वेगळी काढावीत. कारागृहातून सुटताना मिळालेला दाखला आणि गाडी विकल्याचा कागद जोडून त्या चलानांविरुद्ध तक्रार नोंदवता येते. ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला गाठून नाव बदलून घ्यावे.

जी प्रकरणे न्यायालयात गेली असतील, तिथे वॉरंटाची वाट न पाहता वकिलाबरोबर आपणहून हजर व्हावे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घेण्यास कायद्याने साधारण सहा महिन्यांची मुदत घातली आहे. आपल्या प्रकरणाला ती लागू होते का, हे वकिलाला जरूर विचारावे. उरलेल्यांसाठी राष्ट्रीय लोकअदालत आहे. ती वर्षातून काही वेळा जिल्हा आणि तालुका न्यायालयांत भरते, तिथे तडजोड होऊ शकते, आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. शेवटी पैसे भरल्यावर पावती घ्यावी, तिची प्रत घरात पोथीसारखी जपावी, आणि आठवड्याने संकेतस्थळावर पाहून ते चलान खरोखर मिटले की नाही याची खात्री करावी.

दोन सावधगिऱ्या आहेत. चलान भरा म्हणून मोबाईलवर खोटे संदेशही येतात. त्यातल्या दुव्यावर बोट ठेवले की खात्यातले पैसे जातात. सुटलेला माणूस भ्यालेला असतो, तो लवकर फसतो. आणि दुसरी अशी की, केंद्र सरकारने २०२३ साली गरीब बंद्यांसाठी साहाय्य योजना आणली. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिच्यात दंड भरता न आल्याने जेलमध्येच अडकलेल्या शिक्षाबंद्याला २५,००० रुपयांपर्यंत आणि जामिनाची रक्कम नसलेल्या कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. ती सुटकेसाठी आहे. बाहेर थकलेल्या चलानासाठी तिच्यावर विसंबू नये.

एवढा हिशेब झाला की खरे देणे किती उरले ते दिसते. मग ते त्याने आपल्या कमाईतून भरावे. एकदम जमत नसेल तर भजनी मंडळाने बिनव्याजी उसने द्यावे आणि त्याने महिन्याला जमेल तसे फेडावे. फेडणे त्याच्या आवाक्यातच नसेल, तर एखाद्याने नाव न सांगता भरावे आणि विसरून जावे. आणि गुन्हा जिवावर उठणारा असेल, उदाहरणार्थ दारू पिऊन गाडी चालवण्याचा, तर तिथे पैशाची मदत करू नये. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, पण तो गुन्हा आपल्याकडे घडत नाही असे म्हणायची माझी हिंमत नाही. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे कायदा सांगतो. तिथे आपण फक्त त्याच्याबरोबर न्यायालयापर्यंत जावे. जी शिक्षा होईल ती त्याची. सोबत आपली.

तिसरी शंका मला सर्वांत कठीण वाटते. ती अशी: गावात एक कष्टाळू शेतकरी आहे. कधी कोणाशी भांडला नाही, कधी ठाण्याची पायरी चढला नाही. कापसाला भाव नाही, मुलाची फी थकली आहे, आणि त्याच्याही नावावर हेल्मेटचे चलान आहे. त्याच्यासाठी कोणी वही घेऊन बसत नाही. मग जेलमध्ये जाऊन आलेल्यासाठीच का? चांगले वागणाऱ्याला ही कसली बक्षिसी?

याचे अर्धे समाधान मी करू शकतो. मदत कोणाला द्यायची हे कोण चांगला यावरून ठरत नाही, कोण अडकला यावरून ठरते. शेतकऱ्याच्या हाती मोबाईल होता, पाय मोकळे होते, चलान आले तेव्हा तो चौकशी करू शकत होता. आत असलेल्याला हे काहीच नव्हते. शिवाय यात आपलाही जीव गुंतला आहे. लायसन्स नाही, विमा नाही, म्हणून जो पोलीस चुकवत रात्री आडरस्त्याने गाडी हाकतो, तो दिंडीला जास्त धोक्याचा, की ज्याचे कागद पुरे आहेत आणि जो उजेडात निर्धास्त चालवतो तो? विमा नसलेल्या गाडीने एखाद्या वारकऱ्याला उडवले, तर त्याच्या लेकराबाळांनी भरपाईसाठी कोणाकडे पाहायचे? त्याचे कागद पुरे व्हावेत यात पायी चालणाऱ्या प्रत्येकाचे हित आहे.

उरलेले अर्धे समाधान मजपाशी नाही. त्या शेतकऱ्याच्या मनातली टोचणी खरी आहे. तिच्यावर एकच उपाय दिसतो: वही उघडली की ती दोघांसाठी उघडावी. ज्याला चलान वाचता येत नाही त्या प्रत्येकासाठी.

कारागृह ही आपल्या संतपरंपरेला परकी जागा नाही. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत. १९४२ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते. ते सत्याग्रही होते, हा फरक मी विसरलेलो नाही. पण पवनारच्या याच विनोबांपुढे १९६० साली चंबळच्या खोऱ्यातले वीस दरोडेखोर शरण आले, आणि ते सत्याग्रही नव्हते. विनोबांनी त्यांना कायद्यातून सोडवले नाही. शस्त्रे ठेवून ते तुरुंगात गेले, त्यांच्यावर खटले चालले. कार्यकर्त्यांनी मात्र त्यांच्या बचावाची आणि घरच्यांची काळजी वाहिली. आपल्या जिल्ह्यातल्या धाम नदीकाठच्या एका संताने घालून दिलेला हा पाठ आहे: न्याय चुकवायचा नाही, आणि न्याय भोगणाऱ्याला एकटे सोडायचे नाही.

मी पुष्कळ वर्षे वीणा गळ्यात घालून उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही, म्हणून लिहून सांगतो. आपल्या प्रत्येक भजनी मंडळात कागदपत्र समजणारा एक तरी माणूस असतो. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी तलाठी, कोणाची कॉलेजात शिकणारी नात. येत्या एकादशीला भजन झाल्यावर त्याला एवढेच सांगा की पुढच्या लोकअदालतीची तारीख काढून ठेव आणि एक कोरी वही आण. गावात कोण सुटून आला आहे हे सर्वांना ठाऊकच असते. त्याच्या घरी दिवसाउजेडी एकाने जावे, चहा घ्यावा, आणि विचारावे, भाऊ, तुमच्या गाडीचे कागद कुठे आहेत?

रामकृष्ण हरी.